सबनीसांचा लाल दोरा

सबनीसांना कुठल्याही दोन गोष्टी नुसत्या दोनच म्हणून बघता येत नसत. बोईसरच्या बाजारात वांगी महागली आणि त्याच आठवड्यात कोथिंबीरही महागली, तर तुम्ही-आम्ही भाजीवालीशी भांडून मोकळे होऊ. सबनीस तिच्या टोपलीवरून वाकून विचारायचे, "मागे कोण आहे?" ती बिचारी वळून बघायची. मागे तिचा नवरा विडी ओढत बसलेला. "हा हाय की," ती म्हणायची. "हा नव्हे," सबनीस गंभीरपणे सांगायचे, "तिसरा."

हा तिसरा त्यांना जन्मभर पुरला. दोन वस्तू एकदम वर-खाली होत असतील तर त्या एकमेकींना ओढत नसतात. मागे कुणीतरी दोरी धरून बसलेला असतो आणि तो दिसत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. एकदा त्यांच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "आज गुडघे फार धरलेत हो." सबनीस उठले, त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, मिठाच्या बरणीत बोट घातलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "मीठही पाझरलंय. मागे कोण? दमट हवा." बाई पुढे वर्षभर गावाला सांगत होत्या, की या माणसानं मला आणि मिठाला एका पंगतीला बसवलं.

मी त्यांना भेटले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि उद्गारचिन्हांवर जगत होते. ऐंशीनंतरची वर्षं. पालघरला आमच्या संघटनेची एक खोली होती. खोलीत एक टेबल, एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि मी. टेबल डगमगायचं, यंत्र शाई गाळायचं, आणि मी चिडलेली असायचे. चिडायला कारण होतं. मोरदांडी नावाचं किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं अख्खं गाव एका प्रकल्पासाठी उठवलं होतं. प्रकल्पाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, फुकटची जाहिरात नको. गाव नेऊन टाकलं कुठे, तर वाणगावच्या वाटेवर माळावर. सिमेंटची घरं, ओळीनं. प्रत्येक दारावर नंबर. नळाला पाणी. कागदोपत्री सगळं झकास. फक्त समुद्र दोन तासांच्या चालीवर गेला होता. होडीवाल्या माणसाला हे सांगणं म्हणजे शेतकऱ्याला सांगणं, की घर दिलंय छान, जमीन तेवढी शेजारच्या तालुक्यात आहे.

गावाची मागणी एकच होती. खाडीच्या तोंडाशी सरकारी पडीक पट्टी आहे, ती आम्हांला द्या. झोपड्या आमच्या आम्ही बांधू. त्यावर सुनावणी लागायची होती, आणि मला ती घेणाऱ्या सरकारी साहेबांच्या तोंडावर फेकायला पुरावा हवा होता.

मुंबईच्या एका भल्या डॉक्टरनं चोवीस प्रश्नांची यादी दिली होती. परदेशात लढाईमुळे घरं सुटलेल्या निर्वासितांना विचारायचे प्रश्न. छातीत धडधडतं का, दचकून जाग येते का, भूक मेली का, वार-तिथी विसरायला होते का, पुन्हा निघावं लागेल म्हणून सामान बांधून ठेवता का. उत्तरं तीनच: रोज, कधीकधी, कधीच नाही. मी ते एका दुपारी मराठीत आणले, घरोघर फिरून तक्ते भरले आणि गठ्ठा घेऊन बसले. डॉक्टर तोवर परदेशी निघून गेला होता. आता या गठ्ठ्याचं करायचं काय?

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कुंभवलीच्या बाजूला आमची पत्रकं वाटायला जायचे तेव्हा मागावरच्या एका कामगारानं सांगितलं, "सबनीस साब के पास जाओ. दिमाग थोडा टेढा है, हिसाब एकदम सीधा."

सबनीस तिथल्या एका कापड गिरणीत दोष मोजायच्या खात्यात होते. वय पन्नाशीच्या आसपास, एकटे, अंगानं बारीक, खिशाला तीन पेन्सिली. संख्याशास्त्राची मोठी पदवी घेऊन हा माणूस दिवसभर दिव्याच्या काचेवरून सरकणारं कापड बघायचा. कुठे धागा तुटला, कुठे गाठ राहिली. गिरणीत रीत अशी, की दोष दिसला की कापडाच्या काठाला तिथे लाल दोरा बांधायचा. कापड कापायचं नाही, ओरडायचं नाही. दोरा बांधायचा आणि पुढे सरकायचं. सबनीस ही रीत घरीही पाळत. घरमालकीणबाईंच्या कॅलेंडरवर एकादशी चुकीच्या चौकोनात छापलेली होती, तिथे लाल दोरा होता. बाईंनी बनवलेली भाकरी एकदा कडेला करपली, तर...असो. बाईंनी तो दोरा चुलीत टाकला आणि दोन दिवस जेवण दिलं नाही.

मी गठ्ठा त्यांच्यापुढे आदळला आणि म्हणाले, "बेरीज करून द्या. किती टक्के लोक आजारी, एवढंच पाहिजे."

"बेरीज ही आळशी माणसाची सांख्यिकी आहे," ते म्हणाले. "चोवीस लक्षणं म्हणजे चोवीस आजार नव्हेत, बाई. थोडेच असतील. मागे कोण आहेत ते शोधावं लागेल."

"किती दिवस?"

"सव्वा महिना."

"सव्वा महिना! मुंबईत कॉम्प्युटर आलेत."

"मग मुंबईला जा," ते म्हणाले आणि गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला.

त्यांच्याकडे हातानं फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र होतं. लोखंडी, काळं, बाजूला दांडा. दांडा फिरवला की घर्रर्र, आणि शेवटी टिंग. घरमालकीणबाईंची पहिले सहा महिने खात्री होती, की सबनीस खोबरं किसतात आणि कुणाला देत नाहीत. म्हणून त्याचं नाव किसणी. त्या किसणीवर त्यांनी काम सुरू केलं. प्रत्येक प्रश्नाची प्रत्येक प्रश्नाशी सोयरीक लावून बघायची. धडधडणाऱ्याची भूक मेलेली असते का? भूक मेलेल्याला तिथी आठवते का? चोवीस प्रश्नांच्या दोनशे शहात्तर सोयरिकी. एकेक जुळवायला पाऊण तास. भिंतीवर ड्रॉइंगचे कागद चिकटवून त्यावर ते पेन्सिलीनं बारीक आकडे भरत चालले. एका वेळी एवढी लग्नं जुळवणारा आणि स्वतः बिनलग्नाचा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

गिरणी सुटल्यावर मी रोज तगादा लावायला जायचे. दाराआड एक कापडी पिशवी कायम टांगलेली. घट्ट बांधलेली, वर लोट्याचा आकार.

"कुठे निघालात?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"कुठेच नाही."

"मग पिशवी?"

"ती तशीच असते."

महिनाभर ती तशीच होती. वेडगळ माणसाच्या वेडगळ गोष्टींत मी तीही धरली. आणखी एक धरली: एवढी वर्षं बोईसरला राहून हा माणूस कधी समुद्रावर गेला नव्हता. चिंचणीचा किनारा बसनं अर्ध्या तासावर. मी म्हटलं, "चला की एकदा." म्हणाले, "काय करायचंय? पाणी आहे, वर-खाली होतं. मागे कोण, ते ठाऊक आहे. चंद्र." विषय संपला.

दरम्यान मी माझी पत्रकं त्यांना वाचायला देत असे. कौतुकाची हाव, दुसरं काय. एकदा मी लिहिलं होतं, 'निर्दय, निर्लज्ज, नरभक्षक प्रकल्प!!' कागद परत आला तेव्हा समासात भोकं पाडून तीन लाल दोरे बांधलेले.

"तीन दोष?" मी फणकारले.

"निर्दय समजू शकतो. निर्लज्ज वादग्रस्त आहे. नरभक्षक? मोजलंत?"

"अहो, ती भाषा असते!"

"हातभर कापडात तीन दोष म्हणजे माल परत," ते म्हणाले आणि किसणी फिरवली. घर्रर्र. टिंग.

मी त्या माणसावर मनापासून चिडत होते. आणि तरी रोज जात होते. मागे कोण, हे मी तेव्हा तपासलं नाही. पुढेही नाही.

सुनावणीची तारीख लागली. दहा दिवस उरले. माझा धीर सुटला. मी सबनीसांच्या पाठीमागे तक्त्यांची एक प्रत घेऊन आळशी माणसाची सांख्यिकी केलीच. सतराव्या प्रश्नापाशी मी ताडकन उठले. प्रश्न होता, 'इतरांना ऐकू येत नाहीत असे आवाज तुम्हांला ऐकू येतात का?' आणि गावातल्या बहुतेकांचं उत्तर होतं: रोज.

रोज! अख्ख्या गावाला भास होत होते. यापेक्षा मोठा पुरावा कुठला? मी तिथल्या तिथे स्टेन्सिल कापलं. मथळा: 'प्रकल्पानं गावाला वेड लावलं!!!' तीन उद्गारचिन्हं. बाकीच्या छापायच्या आधी पहिली प्रत सबनीसांना दाखवली. त्यांनी पूर्ण वाचली. मग सुई घेतली आणि एकच दोरा बांधला. 'वेड' या शब्दाला.

"हे छापू नका," ते म्हणाले. "सतरावा प्रश्न मला छळतोय. बाकी सगळ्या प्रश्नांची सोयरीक एका बाजूला जाते, याची उलटी जाते. चिन्ह उणे येतंय. मी चारदा किसलं."

"म्हणजे तुमचं गणित चुकलं."

"गणित चुकलं असतं तर चारदा वेगळं चुकलं असतं. चारही वेळा उणे. ज्यांना आवाज येतात त्यांना झोप चांगली लागते, बाई. ज्यांना येत नाहीत ते तळमळतात. असं कुठलं वेड असतं का? मागे कोण आहे, मला कळत नाहीये."

मला एवढंच कळलं, की हा माणूस माझं पत्रक अडवतोय. मी कागद ओढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर गेले, पार्वतीमावशींकडे. पार्वतीमावशी म्हणजे मोरदांडीचं तोंड. मासे विकताना घडलेलं, कुणाला न भिणारं. त्या पाठिंबा देतील याची मला खात्री होती. त्यांच्या मुलीनं, हिरानं, मथळा मोठ्यानं वाचला. मग ती वाचायची थांबली.

"पुढं वाच," मावशी म्हणाल्या.

"आये, यात आपल्याला येडी म्हटलंय."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. बोंबलाच्या वाट्याला कुणी निम्मी किंमत सांगितली की त्या तसं बघत. "आमी येडी?"

"मावशी, तुम्ही नाही हो. प्रकल्पानं..."

"कोनी का लावीना, लागलं आमालाच ना? पोरी, हिराचं जमवतोय आमी. सोयरे हा कागद वाचतील. येड्यांच्या गावची पोर कोन करील? आनि तुझा तो सायेब, तो म्हनेल येड्यांना जागा कशाला, डाक्टर द्या." त्यांनी कागदावर बोट आपटलं. "हा लाल दोरा कोनी बांधला?"

"बोईसरचे एक सबनीस आहेत."

"तो शाना दिसतोय. मला त्याच्याकडं ने."

दुपारी आम्ही बोईसरला पोचलो. मावशींनी बरोबर सुक्या जवळ्याची पुडी घेतली होती, कारण कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं. सबनीसांची त्या दिवशी सुट्टी होती. मावशींनी भिंतभर आकडे पाहिले, दाराआडची पिशवी पाहिली, मग सबनीसांना पाहिलं, आणि खाली बसून म्हणाल्या, "मास्तर, काय शोधताय?"

ते मास्तर नव्हते. पण भिंतीवर लिहिणारा माणूस मावशींच्या लेखी मास्तरच.

सबनीसांनी सतरावा प्रश्न वाचून दाखवला. "तुमच्या गावात बहुतेकांनी 'रोज' म्हटलंय. आणि तीच माणसं शांत झोपतात. मला एवढंच हवंय, मागे कोण आहे?"

मावशी हसल्या. तंबाखूनं काळे झालेले दात दाखवून, मान मागे टाकून हसल्या.

"मागं समुद्र हाय, मास्तर! दुसरा कोन असनार?"

सबनीसांनी खिशातली दुसरी पेन्सिल काढली.

"गाज," मावशी म्हणाल्या. "समुद्राची गाज. जल्मापास्नं कानात हाय. माळावर नाय येत, तर आमी आनतो. पडल्यावर डोळे मिटायचे नि आनायची. आली की झोप लागते. ज्याला नाय आनता येत त्याची सकाळपर्यंत सुटका नाय. माझ्या धाकट्या दिराला नाय येत, बसून असतो भुतासारका. ही पोर इचारत आली, दुसऱ्याला ऐकू न येनारा आवाज येतो का. म्हटलं येतो. तिनं कुठं इचारलं कसला?"

खरंच, मी विचारलं नव्हतं. शंभरावर घरं फिरले, आणि एकाही दारात 'कसला?' हा तीन अक्षरी प्रश्न मला सुचला नाही. मला उत्तर आधीच माहीत होतं ना. अन्याय करणाऱ्यांना मी पत्रकांतून विचारत असे, तुम्ही लोकांना कधी विचारलंत का? त्या वाक्याला लाल दोरा मी स्वतः बांधला, उशिरा.

सबनीस भिंतीकडे वळले. उणे चिन्हाभोवती त्यांनी एक गोल काढला. "म्हणजे हा आजार नाही," ते हळू म्हणाले. "हे औषध आहे."

मग त्यांना चेव आला. त्यांनी मावशींना भिंतीवर सगळं समजावलं. मी महिनाभर जे ऐकून घेतलं नव्हतं ते मावशींनी चहा होईपर्यंत समजून घेतलं. चोवीस लक्षणांच्या मागे दोनच होते. एकाच्या गठ्ठ्यात धडधड, दचकणं, खाकी कपडे दिसले की पोटात गोळा. दुसऱ्याच्या गठ्ठ्यात हात रिकामे वाटणं, भूक नसणं, वार-तिथी विसरणं, सकाळी उठून कुठे जायचं ते न कळणं. "यांना मी घटक एक आणि घटक दोन म्हणतो," सबनीस म्हणाले. "नाव देता येत नाही. नाव दिलं की त्यात विशेषण शिरतं."

"नाव काय द्यायचंय, नाव हाय की," मावशी म्हणाल्या. "हा पयला धसका. घरं पाडली त्याचा धसका. आनि हा दुसरा..." त्यांनी बशीतला चहा संपवला. "ही सुकती."

"सुकती म्हणजे?"

"ओहोटी हो. पानी मागं गेलं की होडी चिखलात बसते. मोडलेली नसते. भोक नसतं. नुसती आडवी. येनारा म्हनेल बिघडली. बिघडली नाय, सुकती लागली. खाली पानी नाय एवढंच."

सबनीसांनी 'घटक दोन' खोडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सुकती'. त्यांनी स्वतःचा शब्द खोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. बरोबर आणलेलं स्टेन्सिल मी तिथेच फाडलं. त्यावर ते म्हणाले, "फाडायची गरज नव्हती. दोरा पुरतो."

सुनावणीला साहेब माळावरच्या समाजमंदिरात आले. साहेब वाईट माणूस नव्हता. हे लिहिताना माझा हात अडतो, पण नव्हता. त्यानं सुरुवातच केली, "तुमच्या पाहणीत लोकांना भास होतात असं माझ्या कानावर आलंय. वाईट वाटलं. मी इथे दवाखाना मंजूर करतो. मनाच्या आजारांचे डॉक्टर दर आठवड्याला येतील. मग जागेचा प्रश्न राहत नाही."

लोक माझ्याकडे बघायला लागले. मी स्टेन्सिल फाडलं होतं, पण त्याआधी पालघरभर तोंड चालवलं होतं. पट्टी माझ्या तोंडानं गेली, असं मला वाटलं.

सबनीस उभे राहिले. गुंडाळलेला कागद सोडला, तो परत गुंडाळला गेला, परत सोडला. "साहेब," ते म्हणाले, "तुमच्या मागे कोण आहे?"

साहेब दचकून वळले. मागे त्यांचा शिपाई होता. तोही वळला. समाजमंदिर हसलं, आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पुढची पाच मिनिटं सबनीस सोयरिकी, चिन्हं आणि दोरी धरून बसलेला तिसरा यांबद्दल बोलले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. तेव्हा पार्वतीमावशी मागून ओरडल्या, "मास्तर, मीठ सोडा नि मासा दाखवा!"

सबनीस थांबले. चष्मा पुसला. मग साधं बोलले.

"साहेब, या लोकांना समुद्राचा आवाज ऐकू येतो. ज्यांना येतो ते झोपतात. ज्यांना येत नाही ते झोपत नाहीत. तुमचे डॉक्टर आले तर पहिल्यांदा तो आवाज बंद करतील. मग गावात कुणीच झोपणार नाही."

साहेबांचा घड्याळाचा हात खाली गेला.

"आणि दुखणी दोन आहेत. एक धसका. त्यावर डॉक्टर द्या, उपकार होतील. दुसरी सुकती."

"सुकती म्हणजे?"

या वेळी सबनीसांनी उत्तर दिलं नाही. हात पुढे करून त्यांनी मावशींना पुढे बोलावलं. मावशींनी होडी आणि चिखल सांगितला, आणि शेवटी म्हणाल्या, "सायेब, चिखलातल्या होडीला डाक्टर काय करनार? गोळी देनार? तिला पानी पायजे. लय नाय मागत. पट्टी द्या."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या जागेवरून एकच शब्द वाचता आला. 'सुकती'. त्याखाली दोन रेघा.

पट्टी मिळाली. लगेच नाही, आणखी दोन पावसाळे, सतरा खेपा, आणि मिळाली तीही मागितली त्याच्या निम्मी. त्यावर मी एक जळजळीत पत्रक काढलं, त्यात फक्त एक लाल दोरा निघाला. पण ती नंतरची गोष्ट. सुनावणीच्या दिवशी समाजमंदिर रिकामं झाल्यावर मी तक्त्यांचा गठ्ठा बांधत होते, तेव्हा सगळ्यांत खाली एक तक्ता निघाला, माझ्या अक्षरात नसलेला. बारीक, पेन्सिलीनं. नावाच्या जागी काही नाही. मूळ गाव: कराची. घर सुटलं तेव्हाचं वय: अकरा. कसे आलात: बोटीनं, मामाबरोबर.

वाचत गेले. दचकून जाग: रोज. पुन्हा निघावं लागेल म्हणून सामान बांधून ठेवता का: रोज. आणि सतराव्या प्रश्नापुढे, 'कधीच नाही'. समासात लाल दोरा. दोऱ्याखाली लिहिलेलं, 'गणितात धरलेला नाही.'

वाणगाव स्टेशनाकडे चालताना मी तो तक्ता त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पाहिला, घडी केली, खिशात पेन्सिलींमागे ठेवला.

"प्रश्न नीट विचारले जातात का, ते आधी स्वतःवर बघायचं असतं," ते म्हणाले.

"मग धरला का नाही?"

"ते कापड वेगळ्या गिरणीचं, बाई."

बरंच चालून झाल्यावर ते आपणहून म्हणाले, "क्लिफ्टनला, अगदी किनाऱ्यावर, घर होतं. माडीवर झोपायचो. ऐकू येत असणारच. मामा म्हणाले, मागचं काढायचं नाही. काढलं नाही. आता आणायला गेलं तर येत नाही." मग गाडीची घंटा झाली आणि ते नेहमीसारखे म्हणाले, "चला. उशीर झाला तर दोघांनाही होईल."

पत्रकं वाटणाऱ्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. मी ते पार्वतीमावशींना सांगितलं. मावशी मासळी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला म्हनावं, पट्टीवर गेलो की आइतवारी येत जा. गाज काय कोनाच्या बापाची नाय."

पट्टीवर झोपड्या उभ्या राहिल्यावर पहिल्या रविवारी सबनीस आले. समुद्राकडे पाठ करून बसले, जेवले, गेले. दुसऱ्या रविवारी कूस थोडी वळली. हिराच्या लग्नात तर वाळूत बसून, पायाखालून पाणी गेलं तरी न उठता, त्यांनी नवऱ्याकडच्या एकाला दोन होड्या एकदम का हलतात ते समजावलं. मावशी त्यांना परतताना सुके बोंबील बांधून द्यायच्या. बांधायला काही नाही म्हणून तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांनी घरून पिशवी आणली. दाराआडची. आतला लोटा आणि बाकीचं सामान कुठे गेलं मी विचारलं नाही. पिशवीला पुढे असा वास धरला, की घरमालकीणबाईंनी ती घरात घ्यायला बंदी केली. तेव्हापासून ती बाहेरच्या खिळ्याला असायची, रविवारची वाट बघत.

एका रविवारी आम्ही तिघं मावशींच्या अंगणात बसलो होतो. बोंबील वाळत होते. भरती लागत होती. मावशींनी सबनीसांच्या ताटात आणखी एक तुकडी टाकली आणि सहज विचारलं, "मास्तर, खोलीवर गेल्यावर येते का ऐकू?"

सबनीसांनी विचार केला. खरोखर मोजल्यासारखा केला.

"शून्य पूर्णांक दोन," ते म्हणाले.

"म्हंजे?" मावशींनी मला विचारलं.

"म्हणजे अगदी थोडी," मी म्हणाले.

"थोडी किती ते महत्त्वाचं नाही," सबनीस काटा काढत म्हणाले. "चिन्ह अधिक आहे."